अविश्वासाचा बंदोबस्त

केनियाच्या रिफ्ट व्हॅलीत निवडणूक जवळ आली की सामानाची गाठोडी बांधून ठेवण्याची, आणि ज्याची ऐपत असेल त्याने बायकामुले दुसऱ्या जिल्ह्यात आप्तांकडे धाडण्याची, एक रीतच पडून गेली होती. ती अनुभवाने शिकवलेली होती. कारण १९९२ आणि १९९७ या दोन्ही निवडणुकांच्या आगेमागे या मुलखात घरे जळाली होती, आणि २७ डिसेंबर २००७ च्या मतदानानंतर राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी यांचा विजय जाहीर होऊन शपथविधी त्याच संध्याकाळी घाईघाईने उरकला गेला व प्रतिस्पर्धी रायला ओडिंगा यांच्या पक्षाने तो निकाल साफ नाकारला, तेव्हा उसळलेल्या हिंसाचारात अकराशेहून अधिक माणसे मारली गेली आणि सहा लाखांच्या आसपास परागंदा झाली. एल्डोरेटनजीक किअंबा येथे चर्चमध्ये आश्रयाला आलेली बायकामुले आतच जाळली गेली. त्याचा सूड पुढे नाकुरू आणि नैवाशा येथे उगवला गेला. कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने २८ फेब्रुवारी २००८ रोजी नैरोबीत दोन्ही नेत्यांनी करारनाम्यावर सह्या केल्या आणि सत्तेची वाटणी झाली; परंतु ज्याचे घर शेजाऱ्याच्या डोळ्यांदेखत जळाले होते तो आणि तो शेजारी यांच्यामध्ये कोणताच करार झालेला नव्हता.

हे राहून गेलेले काम ज्या बैठकांतून चालले होते, त्यांपैकी काही बैठकांना, २०१३ च्या निवडणुकीपूर्वी, नाकुरूच्या पश्चिमेकडील एका थंड, बटाट्याच्या शेतांनी वेढलेल्या वस्तीत मागच्या बाकावर बसण्याची मुभा मला मिळाली. तंट्याचे मूळ मतपेटीत नसून जमिनीत आहे, हे तेथे पहिल्या घटकेतच ध्यानात येई. गोऱ्या वसाहतवाल्यांनी बळकावलेली ही सुपीक पठारे १९६३ च्या स्वातंत्र्याच्या सुमारास विक्रीस निघाली तेव्हा किकुयू जमातीच्या पुष्कळांनी वर्गणी जमवून, खरेदीसंस्था काढून ती विकत घेतली. कालेंजिन जमातीच्या लेखी मात्र ती त्यांच्या पूर्वजांची चराऊ राने होती, आणि ती विकण्याचा अधिकार ना गोऱ्यांना होता ना सरकारला. एकाच्या हाती खरेदीखत, दुसऱ्याच्या मुखी वहिवाट, आणि दोघेही आपापल्या परी खरे, अशी ही फिर्याद होती. दर पाच वर्षांनी पुढारी ती नव्याने दाखल करून घेत, इतकेच.

या बैठका भरविणाऱ्या शांतता समितीची पद्धत देशाच्या ईशान्येकडील रखरखीत वजीरमधून आलेली. तेथे सोमाली कुळांमधील रक्तपात थांबविण्यासाठी १९९३ च्या सुमारास डेका इब्राहिम अब्दी आणि त्यांच्या सोबतिणींनी प्रथम, कोणत्याही कुळातील बाईला बाजारात निर्धास्तपणे देवघेव करता यावी, एवढाच मुद्दा हाती घेतला होता. मोठ्या समेटाची भाषा टाळून लहानशा, तपासून पाहता येईल अशा गोष्टीपासून आरंभ करण्याचे हे शहाणपण मला नाकुरूकडेही दिसले. दोन्ही जमातींच्या वृद्धांना आधी स्वतंत्रपणे बसवीत, कारण परक्यापुढे जे बोलायचे त्यावर घरात एकमत नसेल तर बाहेर दिलेला शब्द दुसऱ्याच दिवशी मोडतो. संयुक्त बैठक त्यानंतर.

ही बैठक पत्र्याच्या छपराच्या सभागृहात भरे. आरंभी प्रार्थना, मग हजेरीपट, मग मागील वृत्तांताचे वाचन. कामकाज चालविणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचे दंडक थोडके पण सक्त होते: जमातीचे नाव घेऊन आरोप करावयाचा नाही, दिवस, ठिकाण आणि कृत्य एवढेच सांगावयाचे, वृद्धांनंतर बायकांनी आणि बायकांनंतर तरुणांनी बोलावयाचे, आणि ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच मांडावयाची. एकदा रात्रीतून पत्रके पडल्याची, ‘अमक्या तारखेच्या आत चालते व्हा’ असा त्यांत हुकूम असल्याची वार्ता आली, आणि सभागृह इतके तापले की सरकारी अंमलदार म्हणून हजर असलेले चीफही उभे राहिले. बाईंनी सर्वांना बोलू दिले आणि मग विचारले, की पत्रक स्वतःच्या डोळ्यांनी कोणी पाहिले आहे? एकच हात वर आला; तो एका दुकानदारीणबाईंचा होता, आणि त्यांनी पिशवीतून काढलेला कागद खरा होता. वार्ता खोटी ठरली नाही, परंतु शंभर पत्रकांचे एक झाले, आणि त्या एकाचा माग काढण्यासाठी प्रत्येक जमातीचा एक याप्रमाणे दोन इसम तेथल्या तेथे नेमले गेले.

नुकसानभरपाईच्या विषयाला मात्र असा तोडगा निघेना. २००८ साली घरी परतणाऱ्या निर्वासितांना सरकारने दहा हजार शिलिंग देऊ केले होते. छावणीऐवजी नातलगांकडे आसरा घेतलेल्यांची नावे यादीतच चढली नाहीत, आणि कालेंजिन वृद्धांची तक्रार अशी, की आमचेही जळाले ते कोणत्याच दप्तरी नाही. यावर किकुयूंच्या बाजूने कोणी होकार भरला नाही, कोणी नकारही दिला नाही. तेवढ्यात पत्र्यावर पाऊस कोसळू लागला, कोणाचे बोलणे कोणाला ऐकू येईना, आणि दुधाचा चहा फिरला. वृत्तांतात ती तक्रार नोंदली गेली. अखेरीस प्रत्येक वाडीतून दोन्ही जमातींच्या एकेका माणसाने परस्परांचा दूरध्वनी क्रमांक घ्यावा, आणि गुरे चोरीला गेली किंवा अफवा उठली तर तरुणांना हाक मारण्यापूर्वी तो क्रमांक फिरवावा, असे ठरले. त्या दोघांनी एकमेकांवर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा कोणी बोलूनही दाखविली नाही.

ऑगस्ट २०१२ मध्ये, वर्षाहून अधिक काळच्या वाटाघाटींनंतर, नाकुरूत किकुयू व कालेंजिन वृद्धांनी शांतता करारावर सह्या केल्या, आणि ४ मार्च २०१३ चे मतदान या मुलखात शांततेने पार पडले. त्याचे सारे श्रेय बैठकांना देणे अप्रामाणिकपणाचे होईल: त्या खेपेस किकुयूंचे उहुरू केन्याटा आणि कालेंजिनांचे विल्यम रुटो एकाच आघाडीतून उभे होते, आणि वरचे पुढारी एक झाल्यावर खालच्यांना भांडण्याचे निमित्त उरत नाही. २०१७ च्या निवडणुकीत रक्त सांडले ते किसुमूत आणि नैरोबीच्या झोपडपट्ट्यांत, आणि बहुतांशी पोलिसांच्या हातून; शेजाऱ्याशी केलेला करार बंदूकधारी सरकारी शिपायाला बांधून घेऊ शकत नाही, ही या पद्धतीची सीमा त्या वर्षी उघड झाली.

तरीही मी या कामाला किरकोळ मानीत नाही. जमिनीचा निवाडा न्यायासने आणि कायदेमंडळे यांनीच करावयाचा आहे, आणि तो होईपर्यंत दोन पिढ्याही लोटतील. त्या अवधीत परस्परांवर विश्वास नसलेल्या माणसांनी एकमेकांचे घर न जाळता कसे राहावे, याचे नियम कोणीतरी घालून द्यावेच लागतात, आणि ते नियम ज्यांना पाळावयाचे आहेत त्यांनीच ते घातले तर अधिक टिकतात. निवडणुकीच्या वर्षी अशा बैठकांना निधी येतो, पाहुणे येतात, छायाचित्रे निघतात; खरी गरज असते ती मधल्या वर्षांत, जेव्हा हजेरीपटावर सहा नावे असतात आणि विषय एका हरवलेल्या गाईचा असतो. जी समिती तेव्हा भरते, तिचाच क्रमांक मतमोजणीच्या रात्री कोणी फिरवतो.