देऊळ आणि मंडळी

रविवारी सकाळी घंटा वाजते. ख्रिस्ती माणसे देवळात जातात. त्या देवळाला चर्च असेही म्हणतात. पण चर्च म्हणजे नुसती इमारत नव्हे बरे का! मराठी ख्रिस्ती लोकांत त्यासाठी एक चांगला शब्द आहे. तो म्हणजे मंडळी. येशू ख्रिस्ताला मानणारी, एकत्र जमणारी माणसे म्हणजे ख्रिस्तमंडळी. देऊळ पडले तरी मंडळी राहते. मंडळी उठून गेली, तर उरतात नुसत्या भिंती.

आता या मंडळीने आजच्या जगात करायचे काय? प्रार्थना करावी आणि घरी जावे, एवढेच का?

ख्रिस्ती लोकांतला सर्वांत मोठा पंथ रोमन कॅथलिकांचा. त्यांच्या मुख्य धर्मगुरूंना पोप म्हणतात. पोप तेविसावे जॉन यांनी याच विचारासाठी जगभरचे बिशप, म्हणजे मोठे धर्मगुरू, रोमला बोलावले. १९६२ ते १९६५ ही सभा भरत राहिली.

तोवर देवळातली मुख्य उपासना बहुतेक ठिकाणी लॅटिन भाषेत होई. लोक हात जोडून ऐकत, पण अर्थ कळत नसे. न वाचता कागदावर अंगठा उठवावा, तसेच ते! सभेने लोकांच्या भाषेला वाट करून दिली. मग वसईच्या देवळांत मराठीत उपासना होऊ लागली. सभेने आणखी एक गोष्ट सांगितली. गरिबी, लढाई, अन्याय यांकडे मंडळीने पाठ फिरवू नये.

इतर पंथांच्या चुलीही वेगवेगळ्या होत्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथ एक झाले. त्यांची उत्तर भारताची एकच मंडळी बनली.

हे झाले सभांचे. प्रत्यक्ष कामही पाहा. मिरजेला डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली मिशनचा दवाखाना उघडला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो झाडे आणि पाणी वाचवण्यासाठी लोकांबरोबर उभे राहिले. हेच फादर २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली ते वारले.

मंडळीत दोष नाहीत असे नाही. जातीचा भेद काही ठिकाणी देवळातही शिरला. कुठे बसायची जागा वेगळी, कुठे पुरायची जागा वेगळी. देवापुढे सगळे सारखे म्हणायचे आणि शेजाऱ्याला दूर बसवायचे, हे कसे चालेल? म्हणून ख्रिस्ती लोकच आज आपल्या मंडळीला हा प्रश्न विचारतात. आपणही आपापल्या घरी, गावी आणि देवळात तो विचारून पाहावा.