आधी कीर्द, मग खतावणी

जर्नल म्हटलं की आपल्या साहित्याच्या वर्गात रोजनिशी आठवते, नाहीतर लायब्ररीतली संशोधनपत्रिका. संगणकातलं जर्नल मात्र पेठेतल्या दुकानदाराच्या कीर्दीसारखं असतं. दुकानदार व्यवहार आधी कीर्दीत लिहितो, खतावणी मागाहून करतो. खतावणी अर्धवट राहिली तरी हिशेब बुडत नाही. कीर्द उघडून राहिलेलं पुरं करता येतं.

हे सांगायचं कारण म्हणजे आपल्या मंडळाचे जुने हस्तलिखित अंक. आपण ते पानापानाने स्कॅन करतोय. कागद पिवळे पडलेत, कडा तुटतात. पुन्हा पुन्हा स्कॅन करणं त्यांना झेपणार नाही. म्हणून ज्या डिस्कवर ही पानं राहणार तिचा कारभार कसा चालतो, हे मी जरा समजून घेतलं.

आपण ‘सेव्ह’ एकदाच दाबतो, पण डिस्कवर कामं बरीच होतात. रिकामी जागा शोधून ती ‘भरली’ अशी खूण करायची, फाईलचा आकार आणि ठिकाण नोंदवायचं, फोल्डरच्या यादीत तिचं नाव घालायचं आणि मजकूर लिहायचा. यातलं निम्मं झालं असताना लाईट गेली तर? जागा भरलेली दिसते, पण ती कुठल्याच फाईलची नसते. किंवा यादीत नाव असतं आणि त्यामागे काहीच नसतं.

लिनक्सच्या जुन्या ईएक्सटी-2 पद्धतीत अशा वेळी सगळ्या डिस्कच्या नोंदी ताडून पाहाव्या लागत. डिस्क जितकी मोठी आणि फाइली जितक्या जास्त, तितका वेळ जास्त. मोठ्या सर्व्हरवर यात तास जात आणि तोवर सगळ्यांचं काम बंद.

जर्नल इथेच उपयोगी पडतं. काय काय बदलायचं आहे ते आधी जर्नलमध्ये लिहितात आणि शेवटी ‘नोंद पूर्ण’ अशी खूण करतात. मग ते बदल मूळ जागी होतात. मध्येच बंद पडलेला संगणक सुरू झाला की फक्त जर्नल वाचतो. खूण असलेली नोंद पुन्हा अमलात आणतो, खूण नसलेली सोडून देतो. जर्नल छोटं असल्यामुळे हे काम बहुधा काही सेकंदांत उरकतं, डिस्क कितीही मोठी असो.

विंडोजच्या एनटीएफएसमध्ये ही सोय 1993 पासून आहे. लिनक्समध्ये स्टीफन ट्वीडी यांनी ईएक्सटी-2 ला जर्नल जोडलं. त्यातून झालेली ईएक्सटी-3 पद्धत 2001 मध्ये मुख्य लिनक्समध्ये आली. तिच्यात तीन पर्याय आहेत. एकात मजकूरही जर्नलमध्ये जातो. सुरक्षित, पण सगळं दोनदा लिहावं लागतं. दुसऱ्यात जर्नलमध्ये फक्त नोंदी जातात, पण मजकूर आधी डिस्कवर पोचतो आणि मगच नोंद पक्की होते. सहसा हाच वापरतात. तिसऱ्यात असा क्रम नसतो. वेग मिळतो, पण बिघाडानंतर फाईलमध्ये जुना कचरा दिसू शकतो.

एक गैरसमज मात्र नको. जर्नल डिस्कचा हिशेब सांभाळतं, आपला मजकूर नव्हे. सेव्ह न केलेली कविता ते परत देत नाही. चुकून पुसलेला फोल्डर त्याच्या लेखी रीतसर व्यवहारच असतो. आणि डिस्कच खराब झाली तर कीर्द आणि खतावणी दोन्ही जातात.

म्हणून अंकांसाठी माझी सूचना अशी: मुख्य साठा जर्नल असलेल्या डिस्कवर ठेवू या. पेनड्राइव्हवर सहसा फॅट-32 किंवा एक्सफॅट असतं, त्यात असं जर्नल नसतं. तेव्हा तो फक्त ने-आण करायला वापरायचा आणि ‘इजेक्ट’ केल्याशिवाय उपसायचा नाही. शिवाय सगळ्या पानांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या खोलीत ठेवायची. जर्नल असलं तरी ही दुसरी प्रत लागतेच.