करंगळीतल्या मुंग्या आणि कार्बनचे हँडल

गेल्या महिन्यात वस्तीतल्या विहारात रक्तदाब आणि साखर तपासण्याचे शिबिर होते. रांगेत बहुतेक मोठी माणसे. त्यांच्यात बावीस वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला. त्याला साखर तपासायची नव्हती, हात दाखवायचा होता. उजव्या हाताच्या करंगळीत आणि शेजारच्या बोटाच्या अर्ध्या भागात मुंग्या येतात, सकाळी शर्टाचे बटण लावताना बोट नीट वळत नाही, अशी तक्रार. हा मुलगा रोज सायकलने कामाला जातो आणि रविवारी मित्रांबरोबर ऐंशी-शंभर किलोमीटरची फेरी मारतो. सायकल रेसिंगची, वाकड्या हँडलची, जुनी विकत घेतलेली. मित्रांनी सांगितले होते, 'कार्बनचे हँडल टाक, धक्के लागणार नाहीत.' पैसेही जमवून झाले होते.

आईने विचारले, "दादा, बारा हजारांच्या दांड्याने बोट बरे होते का?"

ही माउली कालामसुत्ताची खरी उपासिका म्हणायची. दहा जण सांगतात म्हणून मान डोलावली नाही, पैसे सुटण्याआधी विचारले. तिच्या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांच्याच उपयोगाचे आहे, कारण वस्तीतली अनेक मुले सायकलवर राबतात. कोणी डबे पोचवतो, कोणी पार्सल, कोणी शर्यतीची तयारी करतो.

आधी बोटाचे पाहू. कोपर कशावर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हे सगळ्यांनी अनुभवले आहे. ती जी नस, म्हणजे मज्जातंतू, तिला डॉक्टर 'अल्नर' म्हणतात. ती कोपरामागून खाली येते आणि मनगटाजवळ, तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्याखालून एका अरुंद वाटेने बोटांत शिरते. हँडलवर आपण भार टाकतो तो नेमका त्याच उंचवट्यावर. तास-दोन तास भार, त्यात रस्त्याचे खड्डे, मनगट मागे वाकलेले. नस दाबली जाते आणि आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग बोटांची ताकद कमी होणे, असा क्रम लागतो. सायकलवाल्यांमध्ये हे जुने, ओळखीचे दुखणे आहे. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटे बधीर होत असतील तर दाबली जाणारी नस दुसरी असते. तीही मनगटातूनच जाते.

ताकद गेली आहे का, हे घरी पाहता येते. बोटे ताठ ठेवून दोन बोटांच्या मध्ये कागदाचा तुकडा धरा आणि दुसऱ्याला ओढायला सांगा. एका हातातून कागद सहज सुटत असेल, बोटे फाकवता येत नसतील, किंवा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग खोल गेलेला दिसत असेल, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. नुसत्या मुंग्या असतील तर भार कमी केल्यावर त्या बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत जातात. ताकद गेल्यावर ती परत यायला महिने लागू शकतात.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो. बधीर झालेली प्रत्येक करंगळी सायकलमुळेच असते असे नाही. मधुमेहात नसा दुबळ्या होतात. कुष्ठरोगातही हीच अल्नर नस पुष्कळदा जाड होते आणि करंगळीची बाजू बधीर पडते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्यावर स्पर्श कळत नसेल, तर लाजून घरात बसू नका. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते, आजार पूर्ण बरा होतो आणि लवकर गेले तर हात वाकडा होण्याची वेळ येत नाही. आमच्या या मुलाला चट्टा नव्हता आणि साखरही ठीक होती. मग आम्ही त्याची सायकल पाहायला बाहेर गेलो.

सायकलवर बसवून पाहिले तर सगळे समोरच होते. सीटचे नाक खाली झुकलेले. त्यामुळे अंग सारखे पुढे घसरते आणि ते थोपवायचे काम तळहात करतात. हँडल सीटपेक्षा चांगलेच खाली. कोपर ताठ. हँडलवरची टेप झिजून आतली धातूची नळी हाताला लागत होती. टायर अरुंद आणि हवा दगडासारखी ठासून भरलेली. मूळ मालक त्याच्यापेक्षा उंच असावा. जुनी सायकल घेताना आपण रंग, गिअर, चेन पाहतो. तिच्या मापात आपले अंग बसते का, ते कोणी पाहत नाही.

यातले बरेचसे एका संध्याकाळी सुधारते. सीटवर फळी ठेवून ती जमिनीला समांतर करावी. हँडल वर घ्यावे. नव्या पद्धतीच्या सायकलीत हँडल धरणारा स्टेम उलटा करून बसवला की हँडल बरेच वर येते. जुन्या पद्धतीत स्टेमची दांडी वर ओढता येते, पण तिच्यावर कोरलेली रेघ बाहेर दिसेपर्यंत ओढू नये. दोन्ही कामे जाणत्या फिटरकडूनच करून घ्यावीत. नंतर पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवून पाहावी. खटखट वाजले तर काम अर्धवट आहे. टेप नवी घ्यावी, जाड घ्यावी. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेले असते. कमाल आकडा गाठलाच पाहिजे असे नाही. चिमट्यात आणि चाकात जागा असेल तर पुढच्या वेळी थोडा रुंद टायर घ्यावा. खड्ड्यांचा मार कमी करायला याच्याइतके स्वस्त दुसरे काही नाही. आणि चालवताना हात हलते ठेवावेत. वाकड्या हँडलला वरचा आडवा भाग, ब्रेकचे मुठीएवढे डोके आणि खालचा वाक अशा तीन जागा असतात त्या हात बदलण्यासाठीच.

आता कार्बनकडे वळू. केसापेक्षा बारीक कार्बनचे तंतू राळेसारख्या चिकट रसायनात बसवून, थरावर थर देऊन हे हँडल घडवतात. साधे ॲल्युमिनियमचे वाकडे हँडल साधारण ३०० ग्रॅम भरते, कार्बनचे २०० च्या आसपास. फरक एका कटिंग चहाइतका. घाटात शर्यत लावणाऱ्याला तो कटिंगही जड वाटतो हे मान्य, पण पाठीवर डब्यांची पिशवी असेल तर तो कळणारसुद्धा नाही. बारीक थरथर कार्बनमध्ये थोडी कमी होऊ शकते. मात्र ते हँडल कसे घडवले आहे त्यावर अवलंबून असते. काही हँडले मुद्दाम कडक बनवलेली असतात. बसण्याची मांडणी चुकलेली असेल तर कोणत्याही हँडलवर नस दाबलीच जाणार. म्हणून आईच्या प्रश्नाला आमचे उत्तर 'नाही' असे आहे.

हौस करू नये असे मात्र आम्ही म्हणत नाही. आपल्या मुलांनी चांगली सायकल चालवावी, शर्यतीत उतरावे. महागड्या वस्तूंवर कोणाची मक्तेदारी नाही. फक्त ती वस्तू कशी मोडते हे माहीत असावे. ॲल्युमिनियमवर घाव बसला की बहुधा पोचा दिसतो, नळी वाकते. तेही कायमचे टिकत नाही, पडलेले हँडल तपासावेच लागते. पण कार्बन आतून तडकतो आणि वरून चकचकीत राहतो. मग एखाद्या दिवशी उतारावर, ब्रेक दाबताना, एकदम तुटतो. हँडल तुटले की तोंडावर पडण्याशिवाय गत्यंतर नसते. दात, जबडा, हनुवटी तिथे जाते.

म्हणून जुने वापरलेले कार्बन हँडल घेऊ नये. ते आधी किती वेळा आपटले ते विकणारा सांगत नाही. नावाजलेल्या कंपनीचे नाव छापून दोन-अडीच हजारांत मिळणारे तर नकोच. खरे घेतलेच, तर आधी माप पाहावे. आजकालची बहुतेक कार्बन हँडले मध्यभागी ३१.८ मिलिमीटर जाडीची असतात आणि जुन्या सायकलीचा स्टेम अनेकदा २५.४ किंवा २६ चा असतो. जबरदस्तीने बसवायचे नसते, स्टेमही बदलावा लागतो. बसवताना ग्रीस लावू नये. त्यासाठी बारीक कणांची वेगळी पेस्ट मिळते, तिने पकड बसते आणि कमी आवळूनही भागते.

आवळण्याचा मुद्दा सर्वांत मोठा. सोण भिक्खूची गोष्ट आपण विहारात ऐकली आहे. वीणेची तार फार ताणली तरी वाजत नाही, सैल सोडली तरी नाही. कार्बनच्या बोल्टला हे अक्षरशः लागू आहे. सैल राहिला तर हँडल फिरते, जास्त आवळला तर तंतू चिरडतात आणि ते बाहेरून दिसत नाही. स्टेमवर बहुधा आकडा छापलेला असतो, अनेकदा ५ न्यूटन मीटर. म्हणजे दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे पाच किलोचा जोर, एवढेच. आपले फिटरदादा अंदाजाने आवळतात, आणि लोखंडी सायकलीवर तो अंदाज वर्षानुवर्षे बरोबर ठरला आहे. इथे मात्र जोर मोजणारा टॉर्क पाना ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच जावे. मोबाईलचा होल्डर, दिवा, भाजीची पिशवी हँडलला लावायची आपली सवय. कार्बनच्या हँडलवर लोखंडी क्लॅम्प आवळू नये. सायकल जोरात पडली तर टेप काढून चीर, पांढरट रेघ, मऊ पडलेली जागा शोधावी आणि शंका आली तरी हँडल बदलावे. लांबी कमी करायला ते घरात करवतीने कापू नये. ती धूळ छातीत जाते आणि अंगाला टोचते. हे काम उघड्यावर, ओले करून, मास्क लावून करायचे असते.

हँडल बदलले की जुने कुठे जाते? बहुधा धाकट्या भावाच्या सायकलला. इथे आयांनी लक्ष द्यावे. हँडलच्या दोन्ही टोकांना बूच हवेच, मग सायकल दोन हजारांची असो की पन्नास हजारांची. बूच नसलेली नळी म्हणजे गोल पातेच. मूल पडताना हँडल फिरते आणि टोक पोटात घुसते. बाहेर नाण्याएवढा वळ दिसतो, आत यकृत, प्लीहा, स्वादुपिंड किंवा आतड्याला इजा झालेली असते. पहिले काही तास मूल खेळतेही. नंतर पोट दुखणे वाढले, उलटी झाली, चेहरा पांढरा पडला तर पोट चोळू नका, तेल लावू नका, खायला-प्यायला न देता थेट मोठ्या रुग्णालयात न्या आणि 'हँडल पोटात लागले' हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. बूच सायकलच्या दुकानात मिळते. ते येईपर्यंत मुलाला ती सायकल देऊ नये.

त्या मुलाने सीट सरळ केली, स्टेम उलटा करून घेतला, जाड टेप गुंडाळली आणि दोन रविवार फेरी बंद ठेवली. तीन आठवड्यांनी भेटला तेव्हा मुंग्या थांबल्या होत्या. बटणाला अजून थोडा वेळ लागतो म्हणाला, म्हणून त्याला सरकारी रुग्णालयातल्या नसांच्या तपासणीची चिठ्ठी मिळवून दिली आहे. हँडलसाठी जमवलेले पैसे आईकडे आहेत. पुढच्या वर्षी शर्यतीत उतरला तर परत मागणार आहे.