ओळखीची पत आणि तिची हद्द

चिनी उद्योजकांबद्दल लिहिणारे ‘ग्वानशी’पर्यंत आले नाहीत असे सहसा होत नाही. भाऊबंद, गाववाले, शाळासोबती, जुने सहकारी यांच्यातली देवाणघेवाण, केलेल्या मदतीची आठवण ठेवणे, अडीअडचणीला उभे राहणे, आणि या साऱ्याच्या आधाराने धंदा करणे म्हणजे ग्वानशी. व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून तिचे बरेच गूढ झाले आहे. कन्फ्यूशियसच्या शिकवणुकीतून झिरपत आलेला, चिनी माणसाच्या रक्तातलाच हा गुण, असे सांगितले जाते. मला ते पटत नाही. कायदा आणि बँक जिथे पोचत नव्हती तिथे व्यापाऱ्यांनी स्वतः उभी केलेली जामीनकीची ही एक पद्धत आहे. तिचे बळ एकमेकांना नीट ओळखण्यात आहे, आणि म्हणूनच ओळख संपते तिथे तीही संपते. वेन्झोऊ शहराचा गेल्या चाळीसेक वर्षांचा इतिहास पाहिला की हे लख्ख दिसते.

वेन्झोऊ हे झेजियांग प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यावरचे शहर. तीन बाजूंना डोंगर, कसायला जमीन तुटपुंजी. समुद्रापलीकडे तैवान, त्यामुळे युद्धाच्या भीतीने माओच्या काळात सरकारने इथे मोठे कारखाने काढण्याचे टाळले. 1978 नंतर धोरण सैल झाले आणि घराघरांत छोटे कारखाने सुरू झाले. एका गावात बटणे, दुसऱ्यात विजेचे स्विच, कुठे बूट, कुठे चष्मे. वैयक्तिक व्यवसायाचा देशातला पहिला परवाना 1980 मध्ये इथल्याच एका तरुणीला मिळाला. पण सरकारी बँका सरकारी कारखान्यांना कर्ज देत, आणि खासगी उद्योगाला राज्यघटनेत जागा मिळाली ती थेट 1988 मध्ये. धंद्यालाच कायद्यात धड स्थान नाही, तिथे तारण कशाचे ठेवणार आणि पैसे बुडाले तर दाद कुठे मागणार? भांडवल आले ते हातउसन्या रकमांतून आणि ‘हुइ’मधून. हुइ म्हणजे आपली भिशीच: दहावीस जणांनी ठरलेल्या मुदतीला पैसे जमवायचे आणि सगळी रक्कम दर वेळी एकाने उचलायची. पहिल्यांदा उचलणारा खरे तर कर्जदार असतो आणि शेवटचा सावकार. पहिल्याने रक्कम घेऊन पळ काढला तर बाकीचे बुडतात. तो पळत नाही, कारण हुइ जमवणारा त्याला लहानपणापासून ओळखतो, त्याचे आईवडील त्याच गल्लीत राहतात, आणि एकदा नाव गेले की पुढच्या कुठल्याही हुइत त्याला जागा नसते. कच्चा माल उधार मिळणेही बंद होते. विश्वासाच्या पाठीशी इथे दंडाची पक्की सोय आहे, फक्त तो दंड न्यायाधीश देत नाही, शेजारी देतात.

ही रीत वेन्झोऊच्या कितीतरी आधीची. शान्शी प्रांतातल्या पिंगयाव गावात 1823 च्या सुमारास रशंगचांग ही हुंड्यांची पेढी निघाली आणि तिच्या शाखा दूरदूरच्या शहरांत पसरल्या. एवढ्या लांबच्या गुमास्त्यावर मालकाने भरवसा कसा ठेवायचा? अशा पेढ्या माणसे आपल्याच मुलखातली घेत, त्यांना जामीनदार लागे, आणि गुमास्ता परमुलखात असताना त्याचे कुटुंब गावातच राही. भरवशाची ही बाजू कठोर आहे, आणि ती झाकून ग्वानशीचे गोडवे गाणे योग्य नव्हे.

तरीही कोणी म्हणेल की मुळाशी संस्कृतीच आहे. तसे असते तर एकाच संस्कृतीत वाढलेल्या सगळ्यांनी ओळखींवर सारखाच भार टाकला असता. कॅथरिन शिन आणि जोन पिअर्स यांनी 1996 मध्ये चिनी कंपन्यांच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात खासगी कंपन्या चालवणारे लोक सरकारी कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांपेक्षा ओळखींवर जास्त विसंबून होते. ज्याच्या पाठीशी कायदा आणि सरकार नाही, त्यालाच माणसे जोडावी लागतात. संस्कृतीने त्या जोडण्याला भाषा दिली, रीतभात दिली. गरज मात्र परिस्थितीने निर्माण केली.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: हे सरळसरळ लाचलुचपतीचे सभ्य नाव नव्हे काय? त्याच अभ्यासात खासगी उद्योजक परतफेडीची अपेक्षा न धरता अधिक भेटी देताना आढळले, तेव्हा हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. मी इथे एक फरक करतो. दोन व्यापाऱ्यांच्या नात्यात दोघेही एकमेकांना धडा शिकवू शकतात आणि फसवणुकीचा तोटा त्यांच्यातच राहतो. व्यापारी आणि अधिकारी यांच्या नात्यात किंमत तिसराच मोजतो: ज्याला परवाना मिळाला नाही तो, ज्याची जमीन गेली तो. अंतर्भागातल्या प्रांतांतून वेन्झोऊच्या कारखान्यांत राबायला आलेल्या मजुराच्या वतीने शब्द टाकणारे तिथे कोणी नव्हते. ओळखीची पत ज्यांना ओळख आहे त्यांनाच मिळते, हा तिचा अन्याय लहान नाही.

तिची हद्द कुठे आहे हे 2011 मध्ये उघड झाले. चीनच्या मध्यवर्ती बँकेच्या वेन्झोऊ शाखेने त्या वर्षी केलेल्या पाहणीनुसार शहरातली सुमारे 89 टक्के कुटुंबे आणि 60 टक्क्यांच्या आसपास उद्योग खासगी देण्याघेण्यात गुंतले होते, आणि या बाजाराचा आकार 110 अब्ज युआन होता. इतका पैसा गल्लीतल्या ओळखीवर फिरत नसतो. मावशीने भाच्याला दिलेला पैसा भाच्याने दलालाला, दलालाने मोठ्या दलालाला आणि त्याने कुठल्यातरी घरबांधणी प्रकल्पाला दिला. साखळीतला प्रत्येक दुवा खरा होता, प्रत्येकाला आपला माणूस माहीत होता. पण पहिल्या मावशीला शेवटच्या कर्जदाराचे नावही ठाऊक नव्हते. भरवसा पुढे सरकत गेला आणि माहिती मागेच राहिली. बँकांच्या कर्जांना उद्योजकांनी एकमेकांचे जामीन दिले होते, म्हणून एक बुडाला की त्याच्याबरोबर धडधाकट कारखानाही ओढला जाई. सप्टेंबरमध्ये एका मोठ्या चष्मे कंपनीचा मालक देश सोडून गेला, आणखी बरेच मालक पसार झाले, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पंतप्रधान वन जियाबाव यांना शहरात यावे लागले.

आता आपण परक्यांशीही बिनघोर व्यवहार करतो, मग हे सगळे जुने झाले, असे म्हणणारे आहेत. ते अर्धेच खरे आहे. 2004 मध्ये स्वतंत्र झालेल्या अलीपेने माल हाती पडेपर्यंत पैसे आपल्याकडे धरून ठेवले आणि अनोळखी विक्रेत्याकडून बूट मागवणे सोपे केले. 2013 पासून सर्वोच्च न्यायालय हुकूम न पाळणाऱ्या कर्जदारांची यादी जाहीर करते आणि त्यांना विमानाचे तिकीटही मिळत नाही. बुटांसाठी एवढे पुरते. पण पडत्या बाजारात तारणाशिवाय सहा महिन्यांचे भांडवल देणारा अजून ओळखीतलाच असतो.

सरकारलाही हे उमगले असावे. 2012 मध्ये वेन्झोऊ हे वित्तीय सुधारणांचे प्रयोगक्षेत्र ठरले आणि मार्च 2014 पासून खासगी कर्जांसाठी स्थानिक नियम लागू झाले. त्यांत हातउसन्या पैशावर बंदी नव्हती. एकाच वेळी 30 लाख युआन किंवा त्याहून मोठे कर्ज घेतले, एकूण देणे एक कोटी युआनवर गेले, किंवा पैसे देणाऱ्यांची संख्या 30 झाली, तरच त्याची नोंद करावी लागे. तिसऱ्या अटीत मला सर्वांत जास्त समज दिसते: तीसच्या आत माणसे एकमेकांवर नजर ठेवतील हे गृहीत धरून कायद्याने त्यांना मोकळे सोडले होते.