अनुदान संपल्यावर काय?

परवा इथे यवतमाळात शेजारच्या बाळंतिणीकडे गेले, तर आशाताई बाळाला झोळीत घालून वजन करीत होत्या. "सोयेर फिटायच्या आत बाहेरची बाई कशाला?" आजी कुरकुरल्या.

बाहेरची कसली! ही रीत विदर्भातलीच. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ ते ९८ मध्ये गावातल्याच बायकांना तान्ह्यांची देखभाल शिकवली. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. पैसा होता फोर्ड आणि मॅकार्थर फाउंडेशनचा. पण असे अनुदान काही जन्माला पुरत नाही. २०११ पासून सरकारने हेच काम देशभर आशांकडे दिले. बेचाळीस दिवसांत सहा फेऱ्या आणि तेव्हा ठरलेले मानधन बाळामागे २५० रुपये! आपण धुणंभांडी करणाऱ्या बाईशी तरी इतकी घासाघीस करतो का?

तेवढ्यात आजीच पुढे वाकल्या, "किती भरलं, बाई?"