शर्यतीतील प्राणी आणि केसीचे उत्तर

बुद्धवंदना म्हणताना आपण तथागतांना ‘पुरिसदम्मसारथि’ असे संबोधतो. ज्यांना वळण लावता येते अशा माणसांचा सारथी, हा त्याचा अर्थ. उपमा अश्वशिक्षणाच्या व्यवसायातील आहे. अंगुत्तर निकायाच्या चतुक्क निपातात केसी नावाच्या अश्वशिक्षकाचे एक सुत्त येते. घोड्याला तू कसे शिकवतोस, या भगवंतांच्या प्रश्नावर केसी सांगतो : कधी सौम्यपणे, कधी कठोरपणे, कधी दोन्ही प्रकारे. आणि इतके करूनही घोडा वठणीवर आला नाही तर? तर मी त्याला ठार करतो. माझ्या आचार्यकुलाला कमीपणा येऊ नये म्हणून.

केसीचे हे उत्तर आजच्या शर्यतींच्या व्यवसायाला तंतोतंत लागू पडते. फरक इतकाच की, केसी ते उघडपणे सांगतो.

शर्यतीच्या थरोब्रेड घोड्याचे वजन सुमारे ५०० किलो असते. हा सारा भार वेगात धावताना नळीच्या बारीक हाडांवर पडतो. पुष्कळ घोडे वयाच्या दुसऱ्या वर्षीच मैदानात उतरवले जातात. सततच्या वेगवान सरावाने हाडांत सूक्ष्म भेगा पडतात; विश्रांती मिळाली तर त्या भरून येतात, न मिळाल्यास वाढत जातात. शर्यतीत एकाएकी पाय मोडला असे प्रेक्षकाला वाटते, परंतु शवचिकित्सेत बहुधा त्याच जागी जुनी इजा आढळते. वेदनाशामक औषधांनी ती इजा झाकली गेली, तर धोका अधिकच वाढतो. घोडा तीन पायांवर फार काळ उभा राहू शकत नाही, कारण उरलेल्या खुरांचे आतील आवरण सुजून निकामी होते. दीर्घकाळ आडवे पडून राहणेही त्याच्या शरीराला मानवत नाही. म्हणून पाय मोडलेल्या घोड्याला बहुधा तेथेच मारले जाते.

कॅलिफोर्नियातील सांता अनिता येथे डिसेंबर २०१८ ते जून २०१९ या एका हंगामात ३० घोडे मेले. त्यानंतर उसळलेल्या लोकक्षोभातून अमेरिकेत २०२० साली घोड्यांच्या शर्यतींसाठी राष्ट्रीय पातळीवरचा कायदा झाला आणि जुलै २०२२ पासून त्याचे सुरक्षानियम लागू झाले. अमेरिकेत २००९ साली दर १,००० सहभागांमागे २ घोडे मरत. नव्या कायद्याखालील मैदानांवर २०२४ साली हे प्रमाण एकाच्या खाली आले. म्हणजे यातील निम्म्याहून अधिक मृत्यू टाळता येण्याजोगे होते. ‘खेळ म्हटला की अपघात होणारच’ असे म्हणणाऱ्यांनी या आकड्यांवर अवश्य विचार करावा. चाबकाची गोष्टही तशीच आहे. घोड्याची कातडी जाड, त्याला फारसे लागत नाही, असा समज होता. २०२० साली सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की, घोड्याच्या त्वचेचा वेदना जाणणारा बाह्य थर माणसाच्या त्वचेइतकाच संवेदनशील आहे. नॉर्वेने तर १९८२ सालीच शर्यतीतील चाबूक बंद केला होता.

बर्फगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांचा इतिहास मात्र वेगळ्या ठिकाणी सुरू होतो. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातील नोम गावात घटसर्पाची साथ आली. विमान पाठवणे धोक्याचे ठरले. तेव्हा सुमारे २० गाडीवान आणि १५० कुत्रे यांनी नेनाना ते नोम हे जवळजवळ १,०८५ किलोमीटरचे अंतर साडेपाच दिवसांत कापून औषध पोहोचवले. त्या धावेत काही कुत्रे मेलेही. ते औषध म्हणजे घोड्यांच्या रक्तापासून तयार केलेले प्रतिविष होते, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

१९७३ पासून अँकरेज ते नोम अशी सुमारे १,६०० किलोमीटरची ‘इडिटारोड’ शर्यत होते. कुत्र्यांना धावण्याची मनापासून ओढ असते, हे खरे. वाटेतील ठाण्यांवर पशुवैद्य असतात, सक्तीच्या विश्रांतीचे नियम आहेत, हेही खरे. तथापि शर्यत पूर्ण केलेल्या कुत्र्यांच्या तपासणीत निम्म्याच्या आसपास कुत्र्यांच्या जठरात व्रण आढळले होते, आणि २०२४ च्या शर्यतीत तीन कुत्रे मेले. साथीच्या काळात जे मुलांचे प्राण वाचवण्यासाठी केले, तेच आता बक्षिसासाठी केले जाते.

बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गरजेपोटी होणारी हत्या आणि हत्येच्या इच्छेने होणारी हत्या असा भेद केला आहे. अहिंसा हा त्यांच्या मते आंधळेपणाने पाळायचा नियम नसून विवेकाने आचरायचे तत्त्व आहे. करुणा मनुष्यमात्रापुरती, तर मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत पोहोचते, असेही ते सांगतात. या कसोटीवर नोमची धाव आणि इडिटारोड यांना एकाच मापाने मोजता येत नाही. आपल्याकडील बैलगाडा शर्यतींचा वादही याच कसोटीवर तपासावा लागेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली त्या बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती वैध ठरवली. न्यायालयाने कायद्याची वैधता तपासली. बैलाला धावायची गरज होती काय, हा प्रश्न आपल्यासाठी शिल्लकच आहे.

परंतु शर्यतीतील मृत्यूपेक्षा शर्यतीनंतरचे मरण अधिक दुर्लक्षित राहते. कॅनडातील व्हिसलर येथे २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकनंतर पर्यटकांची गर्दी ओसरली, तेव्हा बर्फगाडीच्या सफरी चालवणाऱ्या एका व्यवसायातील कुत्रे ‘जास्त’ झाले. ते मारून पुरण्यात आले. पुढे उत्खननात ५६ सांगाडे व मृतदेह सापडले. हे कुत्रे काही शर्यतीत हरलेले नव्हते. त्यांचा खर्च परवडेनासा झाला होता, एवढेच.

केसीच्या सुत्तात पुढे भगवंत म्हणतात की, वळण न लागणाऱ्या माणसाचा मीही ‘वध’ करतो. केसी चकित होतो. प्राणिहत्या तर तथागतांना वर्ज्य! भगवंत स्पष्ट करतात : अशा माणसाला उपदेश करणे थांबवणे, हाच आमच्या विनयातील वध. शस्त्राचा शब्द तेवढा राहतो, शस्त्र गळून पडते. हे ऐकून केसी उपासक झाला. त्याच्या घोड्यांचे पुढे काय झाले, ते सुत्त सांगत नाही.

अमेरिकेच्या नव्या कायद्याचे संरक्षण घोड्याच्या पहिल्या नोंदलेल्या सरावापासून सुरू होते आणि तो निवृत्त झाल्याची नोंद झाली की संपते. २००७ पासून त्या देशात घोड्यांचे कत्तलखाने चालत नाहीत. नको असलेले घोडे ट्रकमध्ये भरून कॅनडा आणि मेक्सिकोच्या कत्तलखान्यांकडे पाठवले जातात.