विश्लेषण : अंगणातला बर्फ हटवणारा छोटा ट्रॅक्टर... त्याला पुढे पाते कोणते लावायचे?

अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत आणि कॅनडात हिवाळ्याची चाहूल लागली, की छोट्या ट्रॅक्टरच्या मालकांची बर्फ ढकलणाऱ्या पात्यासाठी शोधाशोध सुरू होते. तिकडे या पात्याला ‘स्नो प्लाऊ’ म्हणतात. शहराबाहेर मोठ्या जागेत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनाही हा प्रश्न पडतो, आणि त्यांच्या दारातला ट्रॅक्टर कधी कधी भारतीय कंपनीचाही असतो. पाते चुकले तर पैसे जातातच, शिवाय लोडरचे हात वाकणे, फरशी उखडणे किंवा उतारावर ट्रॅक्टर घसरणे असे प्रकार घडू शकतात. त्यामुळे निवड करताना काय पाहायचे, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

फावड्याने भागत नाही का?

सार्वजनिक रस्त्यावरचा बर्फ स्थानिक प्रशासन हटवते. रस्त्यापासून गॅरेजपर्यंतच्या वाटेवरचा, म्हणजे ड्राइव्हवेवरचा बर्फ मात्र घरमालकानेच हटवायचा असतो. ३० मीटर लांब आणि ४ मीटर रुंद ड्राइव्हवेवर २० सेंटीमीटर बर्फ पडला, तर तो २४ घनमीटर होतो. ताज्या, कोरड्या बर्फाचे वजन घनमीटरला साधारण १०० किलो धरले, तरी एकूण भार २,४०० किलो भरतो. बर्फ ओला असेल तर हाच आकडा तिपटीवर जाऊ शकतो. गोठलेल्या हवेत असे श्रम केल्याने हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका वाढतो, असा इशारा ‘अमेरिकन हार्ट असोसिएशन’ वारंवार देते. मुलांकडे हिवाळ्यात राहायला गेलेल्या आईवडिलांनी ‘तेवढाच हातभार’ म्हणून फावडे उचलू नये, ते यासाठीच.

काही भागांत तर फावडे हा पर्यायच उरत नाही. ईरी सरोवराच्या तुलनेने उबदार पाण्यावरून थंड वारा वाहतो, तेव्हा तो बाष्प उचलतो आणि किनाऱ्यावर बर्फ ओततो. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये काही दिवसांत सुमारे ८० इंच बर्फ पडला होता.

कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर म्हणजे नेमका कोणता?

आपल्याकडे द्राक्षबागेत किंवा उसाच्या सरीत चालणाऱ्या मिनी ट्रॅक्टरचा हा जवळचा नातेवाईक. अश्वशक्ती ढोबळमानाने २० ते ५०, चारही चाकांना ताकद आणि बहुतेकदा पुढे बादली असलेला लोडर. तिकडे गवत कापण्यापासून खडी पसरण्यापर्यंतची कामे तो करतो. जॉन डिअर आणि कुबोटा ही या बाजारातील मोठी नावे. मुंबईच्या महिंद्र समूहाने १९९४ मध्ये अमेरिकेत उपकंपनी स्थापन केली. १५ ऑगस्ट २०२३ रोजी केपटाउनमध्ये सादर झालेली या कंपनीची ‘ओजा’ ही हलक्या ट्रॅक्टरची मालिका तेलंगणातील झहीराबादच्या कारखान्यात तयार होते.

बर्फाचे पाते म्हणजे शेतात बांध घालताना किंवा जमीन सपाट करताना ट्रॅक्टरला पुढे लावतात त्या डोझर ब्लेडसारखेच, फक्त हलके, अधिक वळणदार आणि डावी-उजवीकडे तिरके होणारे.

पात्याची रुंदी कशी ठरवायची?

बर्फ सरळ पुढे ढकलत नेला तर ढीग वाढत जातो आणि ट्रॅक्टर अडतो. म्हणून पाते तिरके करून बर्फ कडेला सारतात. गफलत होते ती इथेच. पाते ३० अंशांनी तिरके केले, की त्याची प्रत्यक्ष साफ करणारी रुंदी सुमारे १३ टक्क्यांनी घटते. ६ फुटी पाते तिरके असताना जेमतेम ५ फूट २ इंच पट्टा साफ करते. ट्रॅक्टरची चाकांसह रुंदी ५ फूट असेल, तर दोन्ही बाजूंना एकेक इंचच मोकळा राहतो. ५ फुटी पाते घेतले तर दोन्ही बाजूंची चाके काही इंच न काढलेल्या बर्फावरून जातील. चाकाखाली दाबला गेलेला बर्फ घट्ट होतो आणि नंतर खरवडूनही निघत नाही.

म्हणून तिरके असतानाची रुंदी चाकांच्या बाहेरच्या कडांपेक्षा दोन्ही बाजूंना काही इंच जास्त असावी. ५ फुटी ट्रॅक्टरला साडेसहा फुटांच्या आसपासचे पाते सोयीचे पडते. मात्र ‘मोठे ते चांगले’ हा न्याय इथे लागू होत नाही. रुंद पात्यापुढे जास्त बर्फ साठतो, पुढच्या आसावर भार वाढतो आणि हलक्या ट्रॅक्टरची चाके जागीच फिरू लागतात.

लोडरवर बसवावे की चौकटीवर?

लोडरची बादली काढून तिच्या जागी पाते बसवणे सर्वांत सोपे. पाते उंच उचलता येते आणि ढिगावर ढीग रचता येतो. परंतु लोडरचे हात मुळात भार वर उचलण्यासाठी बनवलेले असतात. तिरक्या पात्याचा कोपरा एखाद्या दगडावर आदळला, तर सगळा धक्का एकाच हातावर जातो आणि तो पिळला जाऊ शकतो.

दुसरा पर्याय ट्रॅक्टरच्या पोटाखाली बसणाऱ्या चौकटीचा. यात धक्का लोडरकडे न जाता थेट सांगाड्याकडे जातो. पाते जमिनीलगत ढकलले जाते, त्यामुळे पकडही चांगली मिळते. मात्र ते फार उंच उचलत नाही आणि चौकट त्या-त्या मॉडेलपुरतीच चालते. ड्राइव्हवे लांब, हिवाळा कडक आणि वेग थोडा जास्त ठेवायचा असेल, तर चौकट सरस. वर्षातून मोजक्या वेळा काम असेल तर लोडरवरचे पाते पुरते, पण ते चालण्याच्या वेगानेच वापरावे. लोडरची जोडणी कोणत्या पद्धतीची आहे, हे मागणी नोंदवण्यापूर्वी तपासावे. सर्वच कंपन्यांची जोडणी सारखी नसते.

स्प्रिंग कशासाठी?

बर्फाखाली दगड, गटाराचे झाकण किंवा फरशीची उचललेली कड दिसत नाही. पाते तिथे अडकले, तर काहीतरी वाकायलाच हवे. ते पाते असावे की ट्रॅक्टर, एवढाच प्रश्न. चांगल्या पात्याला यासाठी स्प्रिंग असतात. एका प्रकारात धक्का बसताच संपूर्ण पाते पुढे झुकते आणि अडथळा ओलांडून परत जागेवर येते. दुसऱ्या प्रकारात फक्त खालची पट्टी मागे दुमडते, त्यामुळे पात्यापुढचा बर्फ सांडत नाही. दोन्ही चालतात. अशी सोयच नसलेले स्वस्त पाते लोडरवर लावणे मात्र महागात पडू शकते.

खालची धार कोणती घ्यावी?

हे जमिनीवर अवलंबून आहे. डांबर किंवा काँक्रीटवर पोलादी धार सर्वांत स्वच्छ खरवडते. ती झिजली की बदलता येते, काही धारा उलटूनही लावता येतात. पेव्हर ब्लॉकवर पोलाद ओरखडे काढते. तिथे रबर किंवा पॉलियुरेथेनची पट्टी योग्य. ती जमिनीला चिकटलेला बर्फ तितका खरवडत नाही, हा तिचा तोटा. खडीच्या वाटेवर पात्याला खाली टेकूसारखे बूट लावून धार अर्धा ते एक इंच उंच ठेवतात. अन्यथा बर्फाबरोबर सगळी खडी हिरवळीवर जाते आणि वसंत ऋतूत ती हाताने वेचावी लागते.

पाते फिरवायचे कसे?

सर्वांत स्वस्त पात्यांत चालकाने खाली उतरून पिन काढायची, पाते फिरवायचे आणि पुन्हा पिन घालायची, अशी पद्धत असते. उणे १५ अंशांत हे दर फेरीला करणे नकोसे होते. हायड्रॉलिक पाते बसल्या जागेवरून फिरते. मात्र लोडरवरच्या पात्यासाठी ट्रॅक्टरला पुढच्या बाजूला जादा हायड्रॉलिक जोडणी लागते. ती नसेल तर तिचा आणि ती बसवण्याचा खर्च पात्याच्या किमतीत धरूनच तुलना करावी. लोडरच्या दांड्याला ‘फ्लोट’ ही स्थिती आहे का, हेही पाहावे. या स्थितीत पाते स्वतःच्या वजनाने जमिनीच्या चढउतारानुसार वरखाली होते. ती नसेल तर चालकाला सतत उंची सांभाळावी लागते.

पाते चांगले, तरी ट्रॅक्टर घसरतो का?

पुढे पाते लावल्यावर वजन पुढच्या चाकांवर जाते आणि मागची चाके हलकी होतात. त्यात कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरचे ब्रेक सामान्यतः मागच्या चाकांवरच असतात. म्हणजे उतारावर पाते वर उचललेले आणि ट्रॅक्टर दोन चाकांच्या गिअरमध्ये असेल, तर ब्रेक दाबूनही तो थांबेलच असे नाही. म्हणून चारही चाकांची ताकद सुरू ठेवणे, मागे वजनाची पेटी लावणे आणि पाते शक्य तितके खाली ठेवणे ही पथ्ये पाळावीच लागतात. आपल्याकडे वजनासाठी ट्रॅक्टरच्या टायरमध्ये पाणी भरतात. तिकडे पाणी गोठते, त्यामुळे न गोठणारे द्रव वापरतात. घट्ट बर्फ आणि उतार असेल तर चाकांना साखळ्या लावणे उत्तम. मात्र त्या फेंडर किंवा लोडरला घासत नाहीत ना, हे आधी पाहावे.

पात्याऐवजी ब्लोअर घ्यावा का?

पाते वेगवान आणि साधे. त्यात बिघडण्यासारखे फार काही नसते. पण त्याला ढकललेला बर्फ ठेवायला जागा लागते. पहिल्याच बर्फवृष्टीत कडेचे ढीग दूरवर सारले नाहीत, तर ते गोठतात आणि पुढच्या प्रत्येक वेळी वाट अरुंद होत जाते. ब्लोअर बर्फ लांब फेकतो, त्यामुळे कडेला ढीग साचत नाहीत. पण तो सावकाश चालतो, त्याला इंजिनाची ताकद लागते आणि किंमतही जास्त असते. त्यामुळे मध्यम बर्फ आणि कडेला मोकळी जागा असेल तर पाते. दोन्ही बाजूंना भिंती, झाडे असतील किंवा बफेलोसारखी बर्फवृष्टी होत असेल तर ब्लोअर, असा ढोबळ नियम.

कायदा आणि सुरक्षितता काय सांगते?

स्वतःच्या दारातला बर्फ सार्वजनिक रस्त्यावर ढकलणे मिशिगन, ओंटारिओ अशा अनेक ठिकाणी नियमबाह्य आहे. अग्निशमनाचा नळही ढिगाखाली गाडला जाता कामा नये. जमीन गोठण्यापूर्वीच वाटेच्या कडेला खुणेच्या काठ्या रोवून ठेवाव्यात. ट्रॅक्टरला उलटण्यापासून बचाव करणारी कमान असेल तर ती उभी ठेवून पट्टा बांधावा. बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. लहान मुलांना ट्रॅक्टरवर किंवा पात्याजवळ येऊ देऊ नये.

खरेदीचा क्रम कसा असावा?

आधी ट्रॅक्टरची बाहेरची रुंदी मोजावी, मग वाट कशाची आहे आणि बर्फ कुठे टाकणार हे ठरवावे. त्यानंतर जोडणी, स्प्रिंग आणि हायड्रॉलिक पाहावे. मागचे वजन आणि साखळ्या यांचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरावा. खर्चाला कात्री लावायचीच असेल तर ती पात्याच्या रुंदीला किंवा बसल्या जागी फिरवण्याच्या सोयीला लावावी. स्प्रिंगला आणि मागच्या वजनाला लावू नये.